पाचरीचं जाड तोंड

जाड तोंड पुढं का मागं?... एवढंच विचारलं होतं ओ मी! एवढंच! कुणाचं राज्य मागितलं होतं का? पुढं म्हणा न्हाय तर मागं म्हणा, एका शब्दाचं काम, पण तुमाला सांगतो, आख्ख्या सोलापुरात एक माणूस निघाला न्हाय जो तो एक शब्द बोलंल! आणि जो बोलला असता तो... जाऊ द्या. पहिल्यापासनं सांगतो. बसा की! कुटं जायचंय तुमाला? मला तर कुटंच जायचं न्हाय.

तर पाचर. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो की आपण, तशीच, पण लोखंडाची. तळहाताएवढी लांब, एका तोंडाला बोटाएवढी जाड आणि दुसऱ्या तोंडाला जात-जात सुरीच्या पात्यासारखी पातळ. ती जीपला मारायची. जीप आमच्या अण्णाची. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, बसलिंगप्पा. मी शिवप्पा, पण मला शिवप्पा कुणी म्हणायचं न्हाय, अण्णा म्हणायचा 'तम्मा', म्हणजे आमच्या कानडीत धाकटा भाऊ, आणि त्याचं ऐकून गल्ली पण म्हणायची तम्मा. आता म्हणत न्हाईत. आता एकदम शिवप्पा झालोय. लोकं बी काय असत्यात बघा, भाऊ गेला की नाव पण काढून घेत्यात!

जीप मिल्ट्रीच्या लिलावातली. चारी चाकांनी ओढणारी. अण्णानं ती मोडून जोडून उभी केली आणि दुष्काळ पडला तसा तिच्यात पाण्याची पिंपं टाकून सांगोल्याच्या पलीकडं वस्त्यांवर पाणी न्यायला लागला. रस्ता म्हणजे काय रस्ता होता का तो? दुष्काळी कामावर लोकांनी दगडं फोडून टाकल्याली, वर रोलर फिरवायचं कुणाला सुचलं न्हाय, आणि मधनं आमची जीप पिंपं भरून चाललीय, खालनं पोट दगडाला घासतंय, खर्र... खर्र... अण्णाचं तोंड असं व्हायचं जसं कोण त्याचंच पोट खरवडायलंय! एका रविवारी म्हणला, "तम्मा, हिला उंच टाचंच्या चपला घालू."

घातल्या. चाकाच्या वर पाटे असत्यात ना, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या, गाडी ज्याच्यावर डुलते? त्यात एक-एक पट्टी वाढवली, पुढं पाटा जिथं लटकतो त्या कड्या लांब केल्या, गाडी चार बोटं वर! काय रुबाब दिसायला लागली ओ! मी टपावर चढून शिट्टी मारली. अण्णा म्हणला, "उतर माकडा, चालवून बघू." चालवली... आणि यप्पा! गाडी सरळ जाईचना! रस्ता असा, गाडी अशी! पोरगं शाळेला निघतंय आणि वाटंत गोट्या दिसल्या की तिकडं वळतंय तसली तऱ्हा! आणि स्टेरिंग, आधी कसं होतं, वळण घ्यायचं, हात सोडायचा, स्टेरिंग आपलं आपण माघारी यायचं सरळ. आता वळवलं की वळलेलंच. माघारी येणंच बंद.

मी घाबरलो. अण्णा हसायलाय! म्हणला, "असंच होतंय रे. गाडी उंच केली की पुढचा एक्सल कलतोय. चाकाला दिशा कळत न्हाय मग. आता एक्सल आणि पाट्याच्या मधे पाचर मारायची. ज्ञानबाकडनं जोडी घडवून आण, तीन पैशाच्या नाण्याएवढी... न्हाय, बोटाएवढी जाड सांग." मी धावत गेलो, जोडी घेऊन धावत आलो. आणि विचारलं, "अण्णा, जाड तोंड पुढं का मागं?" तर म्हणतोय, "सुम्निरु. गप बस. उद्या दाखवतो."

उद्या.

उद्या सकाळी उठला तर डोळं पिवळं.

कावीळ हो. आठ दिवस. आधी नाकात औषध घातलं, मग गळ्यात माळ घातली, मग दवाखान्यात घातलं, आणि मी आपला रोज जायचो. काय बोलायचं सुचायचं न्हाय. आमी दोघं बोलायचो ते गाडीखाली झोपूनच की! समोरासमोर तोंड बघून बोलायची सवयच न्हाय. म्हणून मी काय केलं, आठव्या दिवशी दुपारी एक पाचर अंगरख्याच्या खिशात घातली आणि गेलो. त्याच्या डोळ्यांपुढं धरली. म्हणलं, "अण्णा, दुसरं काय विचारत न्हाय, एवढं सांग. जाड तोंड पुढं का मागं?"

त्यानं डोळं उघडलं. पाचरीकडं बघितलं. आणि हात उचलून असा केला... असा. बघितलं का? असा!

आता तुमीच सांगा, हा हात पुढं झाला का वर झाला? उभ्या माणसाचं पुढं मला कळतंय. बसलेल्या माणसाचं कळतंय. पण खाटंवर उताण्या पडलेल्या माणसाचं पुढं कुटलं? पायाकडं? छताकडं? मी म्हणलो, "अण्णा, पुढं म्हणतोस काय?" तवर गुरम्मावैनी म्हणल्या, "भावजी, त्यांना पाणी पाहिजे, तुमी काय लोखंड दाखवायलाय!" पाणी पाजलं. मग त्यानं डोळं मिटलं, आणि संध्याकाळच्या आत... जाऊ द्या. पाणी वाटत फिरला वर्षभर, आणि शेवटचं बोलणं हे, पाणी का पाचर, ते पण मला कळलं न्हाय.

बरं, गेला, झालं. दिवस-कार्य झालं. आणि वैनीचा भाऊ उगवला अक्कलकोटाहून, वीरभद्रप्पा! तोंडात पान, हातात छत्री. दुष्काळात छत्री ओ! जीपभवती तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणला, "येनप्पा शिवप्पा, ही तुला पेलणार न्हाय. ही तिरकी चालतीय म्हणं. कुणाला मारशील, न्हाय तर तूच मरशील. बहिणीच्या घरातनं एकाला पोचवलं, दुसऱ्याला पोचवायला मला सवड न्हाय. माझ्याकडं गिऱ्हाईक हाय. विकून टाकू."

मी म्हणलो, "न्हाय विकायची!"

"मग सरळ चालवून दाखव. दोन सोमवार देतो."

दोन सोमवार! तुमाला सांगतो, मी त्या जीपच्या सीटवर हात ठेवला तर सीटला अण्णा बसायचा तसा खड्डा अजून होता. माझं बूड त्यात मावत न्हाय, मी बारका, म्हणून मी कडंला बसायचो. ती गाडी गेली तर तो खड्डा पण गेला. मग मी कुटं बसू?

निघालो विचारत. जाड तोंड पुढं का मागं?

पहिला दस्तगीरचाचा. हयात गेली गाडीखाली माणसाची. मी म्हणलं, चाचा, असं-असं हाय. चाचांनी बिडी पेटवली, माझ्याकडं बघितलं, बिडी विझवली. म्हणले, "मेरे कू नक्को पूछ रे बेटा. ये पाचर का काम हम सब तेरे भाई के पास भेजते थे. वो डालता था, गाडी सीधी जाती थी. आगे डाल्या क्या पीछे डाल्या, कौन देख्या?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला लागले. मी म्हणलं, डोक्यावर हात नको, चाचा, पाचरीवर बोट ठेवा! तर चाचा रडायलेत! आता मी त्यांची समजूत काढत बसू का गाडी सरळ करू?

दुसरा ज्ञानबा लोहार. ज्यानं घडवली त्याला तर ठाऊक असंल? कसलं ओ! भाता ओढत म्हणतोय, "मी चपाती लाटून देतो रं, कुटल्या बाजूनं खायची ते खाणारानं बघावं. बसलिंगप्पा सांगायचा, मी ठोकायचो. ते जाऊ दे, ही एकच कशी? जोडी दिलीती की तुला!"

"एक हरवली."

"हरवली? लोखंड हरवतंय व्हय लगा? कुटं?"

"पडली कुटंतरी. दुसरी करून दे."

"अरं पण कुटं पडली? हुडकू की!"

म्हणलं, ज्ञानबा, तू ठोक! कुटं पडली ते मला चांगलं ठाऊक होतं. पण ती काढता येण्यासारखी न्हवती. सांगतो. सगळं सांगतो, घाई करू नका.

तिसरा, टेक्निकल शाळंतला एक मास्तर. लई हुशार माणूस. खडू घेतला, फळ्यावर गोल काढला, गोलात रेघ काढली, रेघंला दुसरी तिरकी रेघ काढली. म्हणला, "हे बघा शिवप्पा, याला कॅस्टर म्हणतात. हा तीन अंश पॉझिटिव्ह पाहिजे. तुमच्या गाडीचा झालाय निगेटिव्ह." मी म्हणलं, "सर, मी तिसरीत शाळा सोडली. मला पॉझिटिव्ह कळत न्हाय, पुढं-मागं कळतंय. जाड तोंड पुढं का मागं?" मास्तरांनी पाचर हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, पुस्तक उघडलं, पानं चाळली आणि म्हणले, "यात पाचर नाही, शिवप्पा. यात फक्त अंश आहेत." आणि वर काय म्हणले ठाऊक हाय? "तुमचे बंधू यायचे माझ्याकडं. तेच मला समजावून सांगायचे."

घ्या!

म्हणजे जो-तो शेवटी बोट दाखवतोय अण्णाकडं. बसलिंगप्पाला ठाऊक होतं! ते मला पण ठाऊक हाय ओ, की त्याला ठाऊक होतं! त्याच्यापाशी पोचायचं कसं ते सांगा!

शेवटी आमची आई, चंद्रव्वा, महिनाभर कुणाशी न बोललेली, भाकरी थापता-थापता म्हणली, "देवीला कौल लाव." म्हणलं हे बरंय. गेलो. देवीला दोन फुलं लावली, हात जोडले, डोळं मिटून विचारलं, आई, जाड तोंड पुढं का मागं? फूल पडलं. पुजारी आनंदानं ओरडला, "उजवा! उजवा कौल दिला!" अहो, पण मी पुढं-मागं विचारलंय! डावं-उजवं कुणी विचारलं होतं? पुजारी म्हणतोय, "देवीपाशी दोनच बाजू असत्यात बाबा, डावी आणि उजवी." म्हणजे बघा, माणसं सांगनात, आणि देवी सांगतीय तर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर!

आता तुमी मनात म्हणत असाल, काय येडं हाय हे! बाजू दोनच. एक लावून बघायची, न्हाय जमलं तर दुसरी लावायची. एवढा बोभाटा कशाला? व्हय ना? म्हणत होता ना? ज्ञानबा पण हेच म्हणला. आणि खरं हाय. एका दुपारचं काम. पण तुमाला सांगतो... ह्ये मी कुणाला बोललो न्हाय... दोन्ही लावून बघितल्या असत्या आणि उत्तर मिळालं असतं, तर मग अण्णाला विचारायला माझ्याकडं काय राहिलं असतं? रोज रात्री अंथरुणावर पडलो की मी विचारायचो त्याला. त्याची खाट मोकळी. म्हणायचो, अण्णा, जाड तोंड पुढं का मागं? आणि तो म्हणायचा, सुम्निरु, उद्या दाखवतो. झोप लागायची मग.

पण सोमवार काय थांबतोय का? पहिला गेला. दुसरा चार दिवसांवर आला आणि वीरभद्रप्पा आधीच येऊन ओट्यावर बसला, छत्रीसकट. म्हणला, "काय झालं पाचरीचं?" मी तिरमिरीतच उठलो. जॅक लावला, बोल्ट सोडले, एक जुनी पाचर, एक ज्ञानबाची नवी, दोन्ही खाडखाड बसवल्या. जाड तोंड मागं! का मागं? काय ठाऊक! रागात हात जिकडं गेला तिकडं! आणि म्हणलं, "बसा मामा, दाखवतो सरळ."

बसला बिचारा.

आणि काय सांगू ओ! आधी गाडी नुसती भरकटायची, आता तिला स्वतःची अक्कल आली! मी जरा डावीकडं वळवली तर ती आणखी डावीकडं, मी ओढतोय उजवीकडं तर ती म्हणती असं का, घे मग आणखी उजवीकडं! चाकं थडथडायलीत, स्टेरिंग हातात नाचायलंय, वीरभद्रप्पाची टोपी गेली, पान गिळलं, आणि माणूस एका दमात कानडी-मराठी दोन्ही देवांना हाका मारायलाय, "यप्पा! आई गं! यप्पा! थांबव! निल्लिसो! थांबव!" म्हणलं, मामा, मी कुटं चालवायलोय, तीच चाललीय! रस्ता सोडला, नाला उतरलो, पलीकडं एक धनगर शेरडं घेऊन उभा, आमची गाडी बरोबर त्याच्याकडं जशी काय वळख हाय! शेरडं पांगली, धनगर बाभळीवर चढला. काट्यासकट चढला ओ! आणि गाडी त्याच बाभळीखाली जाऊन गप उभी राहिली.

वीरभद्रप्पा उतरला. छत्री उघडली. तुमाला सांगतो, कोरडं ठाक आभाळ, आणि त्या माणसानं छत्री उघडली, डोक्यावर धरली आणि चालत गावाकडं निघाला. मागं न बघता एवढंच बोलला, "सोमवारी गिऱ्हाईक येतंय."

बाभळीवरनं धनगर विचारतोय, "पाव्हणं, गाडी शिकायलाय काय?" म्हणलं, व्हय. "शिकवणारा कुटाय?" काय सांगू त्याला?

तितंच जॅक लावला. तितंच गाडीखाली शिरलो, पाठीवर झोपलो. शेजारची जागा मोकळी. तिथं झोपून अण्णा पाना मागायचा, मी द्यायचो. आता मीच मागायचा, मीच द्यायचा. बोल्ट सोडले, पाचर काढली, फिरवली, आणि पुढनं आत सारायला लागलो, पातळ टोक आत, जाड तोंड पुढं... आणि माझा हात थांबला. हाताला ठाऊक होतं ओ! ह्ये असंच, असंच पुढनं, पातळ टोक आत सारून, हातोडा न्हाय म्हणून तळव्यानं ठोकत... ह्ये मी आधी एकदा केलं होतं. तोंडात माती जायलीय का डोळ्यांतनं पाणी यायलंय कळंना. तसाच पडून राहिलो. धनगर वाकून बघायलाय, "मेला काय ओ तुमी?" म्हणलं, न्हाय, मी न्हाय.

बोल्ट आवळले. बसलो. निघालो. आणि गाडी... सरळ! सुतात! वळण आलं, वळवली, हात सोडला, आणि स्टेरिंग आपलं आपण, हळूहळू, म्हातारी जात्याचा खुंटा सोडती तसं, आलं की माघारी! मी ओरडलो, "अण्णा, आलं!" शेजारच्या सीटकडं बघून ओरडलो.

मग परत दोन मैल स्टेरिंग धरून घरी आलो.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. मी म्हणलं, आता दाखवतोच. गिऱ्हाइकाला बसवलं, रस्त्यावर नेलं, दोन्ही हात सोडले आणि मांडीवर ठेवले. गाडी सरळ! गिऱ्हाईक खूष! एवढं खूष, की उतरताच म्हणतोय, "आत्ता देता काय? आत्ताच नेतो!" घ्या! तिरकी होती तर विकायची तिरकी म्हणून, सरळ केली तर विकायची सरळ म्हणून! माझ्याच हातानं गिऱ्हाईक पक्कं केलं मी! वीरभद्रप्पाचं तोंड पानाच्या डब्यासारखं उघडलं.

तवर वैनी उंबऱ्यात आल्या. अण्णा गेल्यापासनं पहिल्यांदा बाहेर आल्या. चालत गाडीपाशी गेल्या, आत हात घालून स्टेरिंगवर ठेवला. त्या खड्ड्याकडं बघितलं. मग भावाला म्हणल्या, "गाडी द्यायची न्हाय. सरळ चालव म्हणलास, चालवली. आता शब्द पाळ." आणि माझ्याकडं न बघता म्हणल्या, "भावजी, वस्तीवरची बायका-माणसं महिनाभर वाट बघायलीत. उद्या पिंपं भरा." वीरभद्रप्पानं छत्री उचलली. झालं.

गाडी राहिली. मी रोज जातोय सांगोल्याला. जाताना सरळ, येताना सरळ, आणि बोलायला कोण न्हाय. पिंपं डुचमळत्यात तेवढाच आवाज. वस्तीवर बायका म्हणत्यात, "गाडी कशी सरळ येती ओ तुमची." म्हणतो, व्हय.

आता राहिली ती हरवलेली पाचर. व्हय ना? ज्ञानबा अजून विचारतोय, वाटंत गाठ पडली की, "घावली का?" त्याला सांगू नका, म्हणंल जोडी कशाला फोडलीस.

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत न्हाईत. बसवत्यात. खड्डा खणायचा, आत बाजूला कोनाडा करायचा, तिथं मांडी घालून माणूस बसवायचा, भस्म लावून, बेल वाहून. अण्णाला पण बसवलं. खाली फरशी ठेवली होती, ती पुढं कललेली, माती कच्ची. म्हणून अण्णा बसंना. बसवला की पुढं झुकायचा. बसवला की पुढं. वरनं विधी करणारे स्वामी म्हणायलेत, "धरा रे, सरळ धरा," आणि सगळी वरनंच बघायलीत, कोण उतरंना. मी उडी मारली आत. विचार-बिचार न्हाय केला, अंगरख्याच्या खिशात दवाखान्यातली पाचर तशीच होती. फरशीच्या पुढच्या कडंखाली लावली, पातळ टोक आत, जाड तोंड पुढं, आणि हातोडा न्हवता म्हणून तळव्यानं ठोकली. एकदा, दोनदा, तीनदा. फरशी मागं कलली. अण्णा मातीच्या भिंतीला रेलला आणि सरळ बसला, गाडीत बसायचा तसा. मी हात सोडून बघितला. हलला न्हाय. मग वर आलो.